बाटलीवरचा घ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते.

बघा, मंदार आत्ताच हसायला लागला! नवऱ्याला गोष्ट पाठ असली की असं होतं. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. चहा घ्या, चिवडा घ्या, आणि ऐका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण बाटलीभर पाण्यानं अख्खा कारखाना बंद पाडायचा पराक्रम एकदाच.

दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. आम्ही इथे रीडिंग गावात नवे नवे आलो होतो. मंदार आयटीत. आणि मी? मी नळाच्या कारखान्यात! खरंच. पुण्याला मेटलर्जी शिकले आणि इंग्लंडात येऊन नळ, व्हॉल्व्ह, पाइपांचे सांधे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. माझी मावशी सगळ्यांना सांगायची, "भाची इंग्लंडला असते, प्लंबिंगमध्ये." मी फोनवर ओरडायचे, "मावशी, मेटलर्जी!" तर म्हणायची, "तेच गं, नळच ना?"

आता दोन मिनिटं पितळेचं ऐका, म्हणजे पुढचा घोळ कळेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे शाळेत शिकलोय. पण नळाच्या पितळेत चिमूटभर शिसंही घालतात. कशाला? शिसं असलं की पितळ लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, कीस कसा भुरभुर खाली पडतो. पण तेच शिसं कणाकणानं पिण्याच्या पाण्यात उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. आमच्या कंपनीला एक अमेरिकन गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याला शिसं नसलेलं पितळ हवं होतं. म्हणून शिशाऐवजी बिस्मथ नावाचा धातू घालून नवं पितळ आणलं. त्यात शिसं चुकूनही येत नाही ना, हे बघायचं काम माझं. 'लेड-फ्री डिपार्टमेंट' म्हणायचे आम्हाला. आम्हाला म्हणजे मला आणि एका कपाटाला.

लेथवर होता ट्रेव्हर. साठीला टेकलेला, चाळीस वर्षं त्याच शेडमध्ये. सगळ्यांना 'लव्ह' म्हणायचा, आपण 'बाळा' म्हणतो तसं. मला लव्ह, पोस्टमनला लव्ह, लेथ अडली की लेथला लव्ह. नव्या पितळेवर मात्र त्याचा भयंकर राग. कीस लांबलचक निघतो, हत्यारं बोथट होतात.

"हे बिस्मथ नाही, लव्ह, हे बिस्किट आहे बिस्किट!" म्हणायचा. "एखाद्या दिवशी तुझी पाठ फिरली की हळूच चिमूटभर शिसं टाकतो की नाही बघ."

सगळे हसायचे. मीही हसायचे. हे लक्षात ठेवा, मीही हसायचे.

तर त्याच वर्षी बाबा गेले. मी चिंचवडला पोचले ती तिसऱ्या दिवशी. सगळं होऊन गेलेलं. दहा दिवस राहिले आणि परत आले, रजाच तेवढी होती. त्यानंतर काही महिन्यांनी आईनं स्वयंपाकघराचं, मागच्या मोरीचं काम काढलं. सगळीकडे नवे चकचकीत नळ. आणि मंदारचा एक मित्र पुण्याहून आला, त्याच्याबरोबर आईनं मेतकूट पाठवलं, भाजणी पाठवली, आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी जडशीळ.

सोडून बघते तर काय? मागच्या मोरीतला पितळी नळ!

बरोबर चिठ्ठी. "भंगारात द्यायला जीव होईना. तुझं पितळेचंच काम आहे, तर तुझ्याकडे राहू दे."

हा नळ म्हणजे बाबांचं तिसरं अपत्य. गळायला लागला की बाबा पान्हा घेऊन बसायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून वायसर करायचे. प्लंबरला बोलावणं म्हणजे त्यांच्या मते घराण्याला बट्टा. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांमध्ये त्यांनी गुंडाळलेली सुतळी अजून तशीच होती, वर सफेदा थापलेला. नळाचा फिरवायचा कान एका बाजूनं झिजलेला. त्यांच्या अंगठ्यानं.

मी नाकाशी नेला. ओल्या पितळेचा वास असतो ना एक? उन्हातून खेळून यायचं, नळाखाली ओंजळ धरायची, आणि पाण्याला एक गारढोण, किंचित धातूची चव असायची. आणि इथलं रीडिंगचं पाणी माहितीय ना तुम्हाला? खडू विरघळवल्यासारखं. केटलमध्ये पांढरे पापुद्रे. त्या दिवशी मला त्या मोरीतल्या पाण्याची अशी काही तहान लागली म्हणता, की दोन लिटर पाणी प्याले तरी भागेना.

आणि मग मी ते केलं.

मंगळवारी नळ कामावर घेऊन गेले. स्वच्छ घासला, तोंड रुंद असलेल्या काचेच्या बरणीत ठेवला, वर गाळलेलं पाणी ओतलं. चार दिवस मुरू द्यायचं आणि मग एक घोट प्यायचा. एकच.

तुमच्यात कोणी मेटलर्जिस्ट असेल तर आत्ता किंचाळेल. अहो, मीच मेटलर्जिस्ट होते! दिवसभर लोकांना सांगत होते, जुन्या पितळेत शिसं असतं, मुरलेलं पाणी पिऊ नका, आधी थोडं वाहू द्या. आणि कपाटाआड स्वतः बाबांच्या नळाचं लोणचं घातलं होतं! घरी का नाही केलं? घरी मंदारनं विचारलं असतं, "हे काय?" आणि मला रडू फुटलं असतं.

शुक्रवारी मी ते पाणी एका स्वच्छ बाटलीत ओतलं, नळ ड्रॉवरमध्ये ठेवला. लॅबमध्ये बिनलेबलाची बाटली ठेवायची नाही, हा नियम मीच केलेला. म्हणून मार्करनं लेबलवर एकच अक्षर लिहिलं. घ. घ घराचा. आता झाकण उघडणार, तेवढ्यात आमचा मॅनेजर ग्रॅहम यानं मीटिंगला हाक मारली. बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि गेले.

त्या फळीवर आधीच कोण होतं? नव्या पितळेच्या पाच बॅचेसच्या पाण्याच्या बाटल्या. A, B, C, D आणि E. बाहेरच्या लॅबकडे तपासायला जायच्या होत्या.

वीकेंडला मी तापानं आडवी. सोमवारी रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन, "कुरिअर आलाय, कुठल्या बाटल्या द्यायच्या?" मी पांघरुणातून कण्हले, "वरच्या फळीवरच्या. सगळ्या."

सगळ्या!

बुधवारी कामावर आले तर माझी बाटली गायब. मला वाटलं, सफाईवाल्यानं ओतून टाकली. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, जाऊ दे, देवानंच वाचवलं तुला. आणि विषय डोक्यातून काढून टाकला. तिथेच तर सगळी माती झाली.

दहा दिवसांनी ग्रॅहम माझ्या टेबलाशी आला. चेहरा खडूसारखा पांढरा. हातात लॅबचा रिपोर्ट.

"A ते E सगळं ठीक आहे," म्हणाला. "पण हे E-1 काय आहे?"

मी बघितलं. E-1. आणि समोर शिशाचा आकडा... अहो, आकडा कसला, जणू कोणी पेन्सिल उकळून पाणी पाठवलं होतं! आता मला शिकवू नका की पेन्सिलीत शिसं नसतं, मला माहितीय. पण तसंच वाटलं.

मला वाटलं, मी तापात असताना कोणीतरी E चाच आणखी एक नमुना घातला असणार. E ही अमेरिकेच्या ऑर्डरची बॅच. पॅक होऊन निघायच्या तयारीत. E स्वच्छ आणि E-1 मध्ये शिसं? म्हणजे त्याच बॅचमध्ये काही नग नव्या पितळेचे आणि काही जुन्या? म्हणजे कोणीतरी दोन्ही धातू एकत्र केले!

"ऑर्डर थांबव," मी ग्रॅहमला म्हटलं. "मशिनं बंद कर. कोणी कशाला हात लावायचा नाही." काय तो माझा आवाज! सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखा.

दोन दिवस कारखाना ठप्प. लेथ उघडल्या, तेल बदललं, किसाची पिंपंच्या पिंपं रिकामी केली. जुन्या आणि नव्या पितळेचा कीस डोळ्यांना सारखाच दिसतो, त्यामुळे सगळाच बाहेर. अकाउंटमधली माणसंसुद्धा हातमोजे घालून फरशी पुसत होती. आणि मी मधून क्लिपबोर्ड घेऊन फिरत होते. "हा डबा इथे कोणी ठेवला? ही बादली कोणाची?"

आणि फिरत फिरत कोणापाशी थांबले? ट्रेव्हरपाशी.

"ट्रेव्हर, तू म्हणाला होतास ना, हळूच शिसं टाकीन म्हणून?"

त्यानं चिंधीला हात पुसले. "तू मला विचारतेयस, लव्ह, की सांगतेयस?"

"मी फक्त नोंद करतेय."

"कर मग," तो म्हणाला आणि पाठ फिरवली.

त्या संध्याकाळी मंदारनं मला सांगितलं होतं हं, हे कबूल करते. म्हणाला, "अगं, म्हातारा गंमत करत असेल." मी म्हटलं, "पुरावा आहे, मंदार! E-1!" आणि रिपोर्ट लिहिला. त्यात एक वाक्य टाकलं, 'भेसळ जाणूनबुजून झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' इंग्लिशमध्ये ते फार भारदस्त दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमनं ट्रेव्हरला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ट्रेव्हर उठला. खुंटीवरचा आपला चहाचा मग काढला, कोटाच्या खिशात घातला आणि गेला. शेडमध्ये एकही माणूस माझ्याशी बोलेना. मला वाटलं, सत्याची वाट एकटीचीच असते. असंच वाटलं, देवाशप्पथ!

गुरुवारी ग्रॅहमच्या खोलीत मीटिंग. मी, ग्रॅहम, आणि बोलावून घेतलेला ट्रेव्हर, टाय लावून. टाय! त्या टायकडे बघून मी पहिल्यांदाच क्लिपबोर्ड खाली ठेवला. ग्रॅहमनं लॅबकडून बाटल्या परत मागवल्या होत्या. खोक्यातून एकेक काढून त्यानं टेबलावर मांडली. A, B, C, D, E. आणि शेवटची.

"ही E-1," तो म्हणाला. "हे अक्षर कोणाचं?"

मी बघितलं.

ट्रेव्हरनं बघितलं. चष्मा लावला, बाटली हातात घेतली, आडवी धरली, उभी धरली. जन्मभर इंचाच्या हजाराव्या भागाचे फरक पकडणारा माणूस तो!

"हे E-1 नाही," तो सावकाश म्हणाला. "ह्याच्या डोक्यावर रेघ आहे."

घ! शिरोरेषेसकट, ठसठशीत, तिसरीच्या बाईंनी दहापैकी दहा दिले असते असा घ! ध असता तर वरची रेघ तुटकी तरी असती. लॅबमधल्या माणसानं बिचाऱ्यानं रेघ सोडून दिली आणि उरलेलं वाचलं, E आणि 1.

"लव्ह," ट्रेव्हर म्हणाला, "तुझ्या जेवणाच्या डब्यावर असंच काहीतरी कोरलेलं असतं ना?"

माझ्या कानांतून वाफ निघत होती. मी म्हटलं, "ती माझी बाटली आहे. त्यात घरचा नळ भिजवला होता."

"नळ भिजवला होतास?" ग्रॅहम म्हणाला. "का?"

"प्यायला."

ग्रॅहमनं टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"म्हणजे," ग्रॅहम एकेक शब्द मोजत म्हणाला, "आमच्या कंपनीची लेड-फ्री एक्स्पर्ट कंपनीच्या लॅबमध्ये शिशाचा काढा करत होती. स्वतःला प्यायला."

मग मी सगळं सांगितलं. मोरी, सायकलची ट्यूब, झिजलेला कान, तिसऱ्या दिवशी पोचले ते. इंग्लिशमध्ये मोरीला काय म्हणतात ते आठवेना, 'वायसर'ला वॉशर म्हणायचं सुचेना. आणि शेवटी जे घरी मंदारसमोर होऊ द्यायचं नव्हतं ते मॅनेजरसमोर झालं. भोकाड पसरलं.

ग्रॅहम घाबरून टिश्यू शोधायला बाहेर पळाला. ट्रेव्हर बसून राहिला.

"माझ्या आईच्या घरी रस्त्यापासून आतपर्यंत शिशाचा पाइप होता," तो म्हणाला. "तिच्या हातचा चहा... काय सांगू. ती गेल्यावर आम्ही पाइप काढून प्लास्टिकचा घातला. तीच केटल, तीच पत्ती. तो चहा परत नाही जमला कधी." त्यानं टाय सैल केला. "विषारी होता, हे खरंच. पण चहा चांगला होता."

मी म्हटलं, "ट्रेव्हर, आय ॲम सॉरी. तुझ्यावर मी..."

"हो," तो म्हणाला. "ते तू केलंस." आणि उठून गेला.

E बॅच पुन्हा तपासली. स्वच्छ निघाली. ऑर्डर उशिरा गेली, पण गेली. मी दुपारच्या चहाला अख्ख्या शेडसमोर उभी राहून ट्रेव्हरची माफी मागितली. माझा रिपोर्ट ग्रॅहमनं माझ्याच हातानं फाडायला लावला, आणि नोटीस लावली, 'लेबलं इंग्लिशमध्येच लिहावीत.' नोकरी वाचली. पण ट्रेव्हर मला 'मॅडम' म्हणायला लागला.

मॅडम! "गुड मॉर्निंग, मॅडम." "नग तयार आहेत, मॅडम." लेथला लव्ह, पोस्टमनला लव्ह, मला मॅडम. तुम्हाला हसू येतंय, पण परदेशात वडील नसलेल्या बाईला सकाळी आठ वाजता हाक मारणारं ते एकच माणूस होतं हो. मी रोज वाट बघायचे, आज म्हणेल, आज म्हणेल.

तीन आठवड्यांनी कॉरिडॉरमध्ये समोरून आला. हातात दोन मग. एक पुढे केला. "टी, लव्ह?"

मी थेट बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडले. चहा गार झाला. तसाच प्याले.

त्याच शनिवारी तो आमच्या घरी आला, हत्यारांची पेटी घेऊन. म्हणाला, "तो नळ आण." बागेच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला एक पाइप होता, त्याला त्यानं बाबांचा नळ फिरवून बघितला. एका फेऱ्यात बसला! मी चकितच झाले. ट्रेव्हर म्हणाला, "त्यात नवल काय? आटे आमचेच आहेत, ब्रिटिश. आम्हीच नेले तुमच्याकडे." मग त्यानं नळाला पाटी अडकवली, 'पिण्यासाठी नाही', आणि माझ्याकडे असं बघितलं की मी शपथच घेतली.

मी कान फिरवला. आणि नळ ओरडला! आधी घुर्र, मग बारीक शिट्टी, मग पाणी. अगदी तस्साच. पहाटे बाबा मोरीत तोंड धुवायचे तेव्हा झोपेत ऐकू यायचा तसा. चव-बिव सगळं विसरले मी. त्या उन्हाळ्यात रोज कामावरून आले की झाडांना पाणी घालायचे. आमच्याकडे झाडं होती तीन. ती कुजली पाण्यानं. तरी घालत होते.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून भीत भीत सांगितलं. तर पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं, कॉलिंग कार्ड संपलं. मग कळलं, आई हसतेय. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. श्वास लागेपर्यंत हसली आणि म्हणाली, "थांब, हे मला सगळ्यांना सांगू दे."

मी म्हटलं, सांग बाई, खुशाल सांग. तेवढीच करमणूक.

डिसेंबरात घरी गेले. महिनोन् महिने मनात तो क्षण घोळवला होता. गेटशी रिक्षा थांबेल, आई दारात असेल, मी गळ्यात पडेन. रिक्षा थांबली. आणि गेटजवळच्या बाकावर सकाळच्या उन्हाला बसलेल्या रिटायर्ड मंडळींतून आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले देशपांडेकाका काठी टेकत उठले. माकडटोपी काढली. चक्क मला नमस्कार केला!

"हीच ती!" बाकीच्यांना म्हणाले. "दीडशे वर्षं त्यांनी आपल्यावर राज्य केलं, आणि आपल्या कॉलनीच्या पोरीनं एकटीनं जाऊन अख्ख्या लंडनच्या पाण्यात शिसं कालवलं! शाब्बास गं पोरी!"

बाकावर टाळ्या!

मी बॅग खाली ठेवली, हात जोडले. "काका, अहो, लंडन-बिंडन काही नाही. एक बाटली होती हो. आणि ती मीच पिणार होते!"

काकांनी इकडेतिकडे बघितलं, जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "कळतं आम्हाला. पोलिसांनी विचारलं तर असंच सांग."